फुटबॉलचा बाजार, उधारीची साखळी आणि कोरोना

व्यापाराच्या पानावर फुटबॉलचे काय काम, असा प्रश्न आपल्या व्यापारी बांधवांना पडणे साहजिक आहे. तीर्थपुरीसारख्या बाजाराच्या गावात फुटबॉल खेळणारी पोरे हाताच्या बोटांवर मोजावीत. इथे क्रिकेट चालते, कबड्डी चालते. तरीही २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरच्या फुटबॉल क्लबांच्या तिजोरीचे जे झाले, ते कापड, चप्पल, भांडी किंवा मोसंबी विकणाऱ्या माणसाने समजून घ्यावे असे आहे. क्लब हे सुद्धा दुकानच असते. माल वेगळा, वही तीच.

आधी या दुकानाचा कारभार पाहू. क्लबकडे पैसा येतो तो मुख्यतः तीन दारांनी. पहिले दार मैदानाचे, म्हणजे तिकीट आणि मैदानावरची खानपानाची विक्री. दुसरे दार दूरचित्रवाणी कंपन्यांचे. तिसरे जाहिरातदारांचे. याशिवाय चौथी एक आवक असते, खेळाडू विकून येणारी. खेळाडूचा करार एका क्लबशी चार-पाच वर्षांचा असतो. मुदत संपण्यापूर्वी तो दुसऱ्याला हवा असेल तर नवा क्लब जुन्याला रक्कम मोजून त्याला सोडवून घेतो. वर्तमानपत्रात मथळा येतो, अमुक खेळाडू अमुक कोटींना विकला. आपल्याला वाटते, तेवढी रक्कम रोख मोजली असेल. तसे क्वचितच होते. बहुतेक सौदे दोन, तीन, चार वर्षांच्या हप्त्यांवर होतात. म्हणजे हा सगळा बाजार उधारीचा आहे. क्लब एकाकडून खेळाडू उधार घेतो, दुसऱ्याला उधार विकतो, आणि येणाऱ्या हप्त्यावर जाणारा हप्ता भागवतो. मध्येच रोख लागली तर येणे असलेले हप्ते बँकेला कमी किमतीत विकून पैसे उचलतो. आपल्या आजोबांच्या काळात हुंडी वटवत, त्यातलाच हा प्रकार.

वहीतली दुसरी गंमत यंत्रमाग चालवणाऱ्या भावांना लगेच कळेल. माग घेतला की त्याची किंमत एकाच वर्षी खर्चात धरत नाहीत, दरवर्षी घसारा लावतात. क्लबसुद्धा विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्ची टाकतो. विकणारा मात्र आपला सगळा नफा त्याच वर्षी जमेला धरू शकतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येतो.

आता मार्च २०२०. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे सामने १३ मार्चला थांबले ते १७ जूनला रिकाम्या मैदानात सुरू झाले. जर्मनीने १६ मेपासूनच सुरुवात केली. फ्रान्सने तर हंगामच गुंडाळला. मैदानाचे दार बंद म्हणजे पूर्ण बंद. प्रीमियर लीगच्या वीस क्लबांना २०१८-१९ मध्ये मैदानावरून सुमारे ६८ कोटी पौंड मिळाले होते. २०२०-२१ मध्ये सगळ्यांचे मिळून अवघे ३ कोटी १० लाख. दुकानाची विक्री इतकी घटली तर आपल्यापैकी कितीजण शटर उघडतील? सामने वेळेवर दाखवता आले नाहीत म्हणून दूरचित्रवाणी कंपन्यांनाही पैसे परत करावे लागले. फ्रान्समध्ये तर आणखी वाईट झाले. ज्या कंपनीने वर्षाला ८० कोटी युरोंच्या आसपास देण्याचे कबूल केले होते, तिने हप्ते थकवले आणि २०२० संपता संपता करारच मोडला. क्लबांनी त्या रकमेच्या भरवशावर खर्च आधीच करून ठेवला होता.

याचा परिणाम खेळाडूंच्या खरेदीवर काय झाला ते जागतिक फुटबॉल संघटनेच्या, म्हणजे फिफाच्या आकड्यांत दिसते. एका देशातून दुसऱ्या देशात झालेल्या सौद्यांची एकूण रक्कम २०१९ मध्ये ७३५ कोटी डॉलर होती. २०२० मध्ये ती ५६३ कोटींवर आली आणि २०२१ मध्ये ४८६ कोटींवर. दुसरे वर्ष पहिल्यापेक्षा मंद, हे ध्यानात घ्यावे. साथीचा पहिला फटका विक्रीला बसला, वसुलीचा फटका त्यामागून आला. रेआल माद्रिदसारख्या धनाढ्य क्लबाने २०२० च्या उन्हाळ्यात पैसे मोजून एकही खेळाडू घेतला नाही.

हे आपल्याला नवे नाही. २०२० मध्ये २५ मार्चला देश बंद झाला. लग्नसराईचा माल तोपर्यंत सुरत, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीहून येऊन पडला होता. रमजान आला आणि ईद २५ मे रोजी बंद दुकानांतच झाली. पुढच्या वर्षी सावरू म्हणून पुन्हा माल भरला, तर एप्रिल २०२१ मध्ये निर्बंध आले आणि १४ मेची ईदही तशीच गेली. कापडवाल्याचे वर्ष दोन हंगामांवर चालते, आणि इथे लागोपाठ दोन वर्षे हंगामच गेला. पण माझ्या पाहण्यात जे दुकानदार त्या काळात बसले, ते विक्री बंद झाली म्हणून बसले नाहीत. विक्री तर सगळ्यांचीच बंद होती. ज्यांनी पुढच्या हंगामाची कमाई आधीच धरून मागची देणी ठरवली होती, ते बसले. गिऱ्हाइकाकडून येणे नाही, म्हणून ठोक व्यापाऱ्याला देणे नाही, म्हणून त्याचे मागवाल्याला देणे नाही, आणि शेवटी मजुराची आठवड्याची चुकवणी नाही. फुटबॉलात हेच झाले, फक्त शून्ये जास्त.

याचा नमुना म्हणून बार्सिलोना क्लबचा जमाखर्च पाहावा. हा काही किरकोळ दुकानदार नव्हे, जगात सर्वाधिक कमाई करणाऱ्या क्लबांपैकी एक. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याचे अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी पत्रकारांपुढे सांगितले की कर्ज १३५ कोटी युरो आहे आणि पगाराचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के आहे. म्हणजे गल्ल्यात शंभर रुपये आले तर नोकरांनाच एकशेतीन द्यायचे. भाडे, वीज, हप्ते नंतर. २०२०-२१ या वर्षाचा तोटा ४८ कोटी युरोंच्या वर गेला. त्याच महिन्यात लिओनेल मेस्सी क्लब सोडून गेला. स्पेनच्या लीगमध्ये नियम आहे की उत्पन्नाच्या मानानेच पगार ठरवायचे. त्या नियमात मेस्सीचा नवा करार बसेना. खेळाडूने २०२० च्या मार्चमध्येच इतरांबरोबर ७० टक्के पगारकपात मान्य केली होती. तरीही हिशेब जुळला नाही.

लोक म्हणाले, कोरोनाने मेस्सी घालवला. मला हे पटत नाही. पगार उत्पन्नाच्या बरोबरीला नेऊन ठेवणारी माणसे कोरोनाने बसवली नव्हती. चांगल्या वर्षात ती तूट कुणाला दिसत नव्हती, इतकेच.

तूट झाकायची एक तऱ्हा २९ जून २०२० रोजी सगळ्या जगाने पाहिली. बार्सिलोनाने आर्थर नावाचा खेळाडू इटलीच्या युव्हेंटस क्लबला ७ कोटी २० लाख युरोंना विकला आणि युव्हेंटसकडून प्यानिच नावाचा खेळाडू ६ कोटींना घेतला. दोन्ही क्लबांचे हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपत होते. प्रत्यक्ष द्यायचा राहिला तो फरक, १ कोटी २० लाखांचा. पण विकलेल्या खेळाडूचा नफा दोघांनीही त्याच वर्षी जमेला धरला आणि घेतलेल्याचा खर्च पुढच्या वर्षांवर टाकला. आपल्याकडे दोन शेजारी दुकानदारांनी ३१ मार्चच्या आत एकमेकांचा पडून असलेला माल चढ्या भावाने बिलावर फिरवावा, तसे हे झाले. बिल मोठे दिसते, गल्ला रिकामाच राहतो. पुढे फुगवलेल्या नफ्याच्या अशा नोंदींचे प्रकरण इटलीत चौकशीला गेले आणि मे २०२३ मध्ये युव्हेंटसचे १० गुण कापले गेले.

दुसरी तऱ्हा २०२२ ची. बार्सिलोनाने आपल्या लीगमधील दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा २५ टक्के हिस्सा पुढच्या २५ वर्षांसाठी एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला, आणि त्या पैशात नवे खेळाडू घेतले. आपल्या जालना जिल्ह्यात मोसंबीचा बहार झाडावर असताना विकला जातो, बागवान बांधवांचा तो जुना व्यवसाय आहे. पण बहार विकतात तो डोळ्यांसमोर लागलेला, एका हंगामाचा. पंचवीस वर्षांच्या बहाराचा चौथा हिस्सा आजच विकून त्या पैशात मुलाचे लग्न थाटात करणाऱ्या बागाईतदाराला आपण काय म्हणू? तो संघ नंतर सामने जिंकला हे खरे आहे. लग्नही थाटात पार पडतेच.

या दोन वर्षांत सगळेच बुडाले असे नाही. जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबाने दोन्ही वर्षांत थोडा का होईना नफा दाखवला. तिथल्या लीगमध्ये मतांचा निम्म्याहून जास्त हिस्सा क्लबच्या सभासदांकडे राहावा असा दंडक आहे, आणि बायर्नची रीत आधी कमावून मग खर्च करण्याची. इंग्लंडच्या टॉटनहॅमने नवे मैदान कर्जावर बांधले होते. त्याने जून २०२० मध्ये थेट बँक ऑफ इंग्लंडकडून साडेसतरा कोटी पौंड उचलले, व्याज अर्धा टक्का. आपल्या गावच्या शिवणकाम करणाऱ्याने त्याच महिन्यात पन्नास हजार मागितले असते तर त्याच्याकडे कोणती कागदपत्रे मागितली गेली असती, याचा विचार वाचकांनीच करावा. मोठ्याला पत असते म्हणून त्याला स्वस्तात मिळते. लहान क्लब विगन ॲथलेटिक, ज्याने २०१३ मध्ये इंग्लंडचा एफए कप जिंकला होता, तो १ जुलै २०२० रोजी दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला. नव्या मालकाने ताबा घेऊन महिनाही झाला नव्हता. मग त्याचे खेळाडू मिळेल त्या किमतीला गेले.

आणि मजूर? लंडनच्या आर्सेनलने ऑगस्ट २०२० मध्ये ५५ नोकऱ्या काढण्याचे जाहीर केले. त्याच दिवसांत नव्या खेळाडूची खरेदीही चालू होती. पुढे मैदानावर मुलांना हसवणारा, डायनासोरचा पोशाख घालणारा जुना कामगारही काढला गेला, तेव्हा त्याच क्लबचा खेळाडू मेसुत ओझिल याने त्याचा पगार आपण देऊ असे जाहीर केले. ही बातमी आपल्या उर्दू वर्तमानपत्रांतून कौतुकाने वाचली गेली असेल. कौतुक योग्यच आहे. पण ज्या दुकानात नोकराचा पगार दुसऱ्या नोकराने द्यावा लागतो, त्या दुकानाच्या मालकाबद्दलही दोन शब्द लिहायला हवे होते.

आता आपल्या मुलखाकडे येऊ, कारण इथे गोष्ट वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त काळजीची.

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा सगळा हंगाम गोव्यात झाला. फातोर्डा, बांबोळी आणि वास्को या तीन मैदानांवर अकरा संघ नोव्हेंबर ते मार्च खेळले, प्रेक्षक एकही नाही. पुढचा हंगामही गोव्यातच. या काळात आपल्या क्लबांची खरेदी थांबली का? नाही. मुंबई सिटीचा मोठा हिस्सा, ६५ टक्के, नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने घेतला होता. २०२० मध्ये या क्लबाने एफसी गोवाचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना आणले आणि गोव्याच्याच संघातले बूमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई असे खेळाडू घेतले. बूमूससाठी गोव्याला १ कोटी ६० लाख रुपये मोजल्याचे वर्तमानपत्रांत आले. भारतात खेळाडू बहुधा करार संपल्यावर फुकटच जातो, त्यामुळे ही रक्कम मोठी. मार्च २०२१ मध्ये मुंबई विजेती ठरली. जगातला बाजार मंद असताना इथे तेजी कशी?

उत्तर सोपे आहे. आपल्या क्लबांचे मैदानाचे दार आधीपासूनच किलकिले होते. तिकिटावर क्लब चालतच नव्हता. तो चालत होता शेठवर. गिऱ्हाईक गेले तरी शेठ आहे तोवर दुकान उघडे. म्हणून कोरोनात आपल्याकडे आवाज झाला नाही. पण ज्या दुकानात विक्रीशी गल्ल्याचा संबंध नाही, ते दुकान कोणत्या दिवशी बंद होईल हे विक्री पाहून सांगता येत नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. कंपनीने २०१० मध्ये संघ बंद केला. तेव्हा कुठली साथ नव्हती. गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, धेंपोही गेला. त्यात फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा राग होता, पण क्लब आपल्या तिकिटांवर जगत असते तर इतक्या सहज दुकान आवरता आले नसते. पुण्याचे उदाहरण तर बोलके आहे. एफसी पुणे सिटीचे मालक आर्थिक अडचणीत आले, २०१९ मध्ये परवाना हैदराबादला गेला. हैदराबाद एफसीने मार्च २०२२ मध्ये गोव्यातच अजिंक्यपद जिंकले. वर्ष-दीड वर्षात तिथे खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या, आणि २०२५ मध्ये तोच परवाना दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सहा वर्षांत तीन गावे बदलणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक कुठून मिळणार?

पुढचे तर आपण ताजे पाहिले आहे. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा व्यापारी हक्कांचा करार केला होता. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे पंधरा वर्षे सगळ्यांना माहीत होते. तरी जुलै २०२५ मध्ये लीग लांबणीवर पडली, ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबाने पगार थांबवले, आणि नोव्हेंबरमध्ये नव्या हक्कांसाठी निविदा काढली तर एकही बोली आली नाही. डिसेंबरात मँचेस्टरवाल्या मालकांनी मुंबई सिटीतून अंग काढून घेतले. कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग, ज्याच्या विजयांच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितल्या, तो २०२४ मध्ये मोठ्या लीगमध्ये आला आणि पहिल्याच हंगामात पगारासाठी खेळाडूंना तिष्ठावे लागले. रोगराईने जे केले नाही ते कागदाची मुदत संपल्याने झाले.

शेठची पेढीही कायमची नसते, याचा पुरावा लंडनमध्ये आहे. २०२० च्या मंदीत चेल्सी क्लबाने २० कोटी पौंडांहून जास्त खर्चून खेळाडू घेतले, कारण मालक रोमान अब्रामोविच यांची तिजोरी क्लबपेक्षा मोठी होती. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे त्यांच्या मालमत्तेवर ब्रिटिश सरकारने निर्बंध घातले. क्लबला नवी तिकिटे विकणेसुद्धा बंद झाले, आणि मे महिन्यात क्लब विकावा लागला. २०२३ मध्ये जगाचा बाजार ९६३ कोटी डॉलरपर्यंत चढला, पूर्वीपेक्षाही वर. त्या उन्हाळ्यात एकट्या सौदी क्लबांनी ८७ कोटी डॉलरच्या आसपास खर्च केला. तेजी परत आली, पण तीही मोठ्या प्रमाणात शेठच्याच पैशाची.

आपल्या महाराष्ट्रात गिऱ्हाइकाचे फुटबॉल आहे ते कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब यांचे सामने लोक तिकीट काढून पाहतात. पेठेपेठेतले व्यापारी वर्गणी देतात, बाहेरचे खेळाडूही आणले जातात. मार्च २०२० मध्ये तिथलाही हंगाम अर्ध्यावर थांबला. मैदान बंद तर आवक बंद, युरोपसारखेच. पण तालमीने पुढच्या पंचवीस वर्षांची तिकिटे कुणाला विकली नव्हती, आणि तिचा परवाना उचलून दुसऱ्या शहरात नेणारा कुणी नव्हता. मैदान उघडले तशी गर्दी परतली. कोल्हापूरच्या फुटबॉलात भांडणे आहेत, मैदानावरची हुल्लडही आहे, आणि बाहेरच्या खेळाडूंवर पैसा उधळण्याची सवय तिथेही शिरली आहे. त्या सवयीला कोल्हापूरकरांनी वेळीच आवर घालावा, कारण वर्गणीदाराची ऐपत ही शेठपेक्षा लहान असते.

आपल्या भागातल्या कारागिरांसाठी एक व्यवहाराची गोष्ट राहते. हल्ली गावोगाव स्पर्धा होतात, संघांना रंगीत छपाईचे पोशाख लागतात, आणि जालना, संभाजीनगरपर्यंतच्या शिवणकाम करणाऱ्यांना त्याची मोठी कामे मिळतात. काम देणारा बहुधा एखादा पुढारी किंवा कंत्राटदार असतो आणि पैसे स्पर्धा झाल्यावर मिळायचे असतात. अशा कामात कापडाची किंमत आगाऊ रोख घ्यावी, शिलाई हवी तर उधार ठेवावी. कापड मी देतो, म्हणून हे मी माझ्या सोयीने सांगतो असे कुणी म्हणेल. म्हणू द्यावे. पोशाखावर ज्याचे नाव छापायचे आहे त्याच्याकडूनच बिलावर सही घ्यावी, संघाच्या कप्तानाकडून नव्हे. हंगाम संपल्यावर कप्तान सापडतो, पैसे त्याच्याकडे नसतात.